मेंदूत ‘कॅल्सिफिकेशन’ निघालं? सीटी, एमआरआय आणि रिपोर्ट कसे समजून घ्यावेत

सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘कॅल्सिफिकेशन’ किंवा ‘कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा’ असं काहीतरी छापून येतं. न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली मिळते, आणि तोवर घरातला प्रत्येक जण मोबाइलवर शोधून आपापलं निदान तयार करतो. हा लेख त्या मधल्या दिवसांसाठी आहे.

आमच्या घरात हा शब्द दोनदा आला. वडील न्हाणीघरात घसरून पडले म्हणून त्यांचा स्कॅन झाला तेव्हा, आणि नंतर कॉलेजात शिकणाऱ्या भाचीला फिट आली तेव्हा. वडिलांच्या वेळी डॉक्टरांनी त्या ओळीवरून नजर फिरवली आणि सरळ गुडघ्याबद्दल बोलायला लागले. भाचीला मात्र त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या. एकाच शब्दाला अशी दोन उत्तरं का, हे कळायला बरीच विचारपूस करावी लागली. तुमची ती दगदग वाचावी म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. इथलं वाचून औषध सुरू किंवा बंद करू नका, पण डॉक्टरांसमोर बसताना नेमकं काय विचारायचं ते तुम्हाला माहीत असेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्या. रिपोर्टमधला हा शब्द फक्त स्कॅनवर काय दिसलं ते सांगतो, आजार सांगत नाही. मेंदूत एका जागी कॅल्शियमचे क्षार साठलेत, इतकंच. पुढचा अर्थ तीन गोष्टींवरून लागतो: साठा कुठे आहे, पेशंटचं वय काय आहे, आणि साठ्याच्या भोवती काय चाललंय.

१. आधी हे बघा: थांबायचं की आत्ताच निघायचं?

फिट पाच मिनिटांत थांबली नाही, एका फिटमधून शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, हातापायातली ताकद अचानक गेली, बोलणं अडखळायला लागलं, किंवा डोकं असह्य दुखून उलट्या होतायत, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. फिट चालू असताना पेशंटला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवणारे शेजारी धावत येतीलच. त्यांना पंखा लावायला किंवा रिक्षा आणायला पाठवा, म्हणजे त्यांच्याही हाताला काम मिळतं.

यातलं काहीच नसेल तर कॅल्सिफिकेशन ही बहुतेक वेळा जुनी, सावकाश तयार झालेली गोष्ट असते. दोन-चार दिवस उशीर झाल्याने ते वाढत नाही.

२. कागद आणि सामान गोळा करा

डॉक्टरकडे जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेला तर अर्धी भेट वाया जाते. एका फाइलमध्ये हे ठेवा:

- स्कॅनचा छापील रिपोर्ट आणि फिल्म.
- स्कॅनची सीडी किंवा डाउनलोडची लिंक. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत सगळी.
- पूर्वी कधीही केलेला डोक्याचा कोणताही स्कॅन, दहा वर्षं जुना असला तरी. आधी ठिपका होता का आणि तेवढाच होता का, हे तुलनेतूनच कळतं.
- रक्ताचे रिपोर्ट: कॅल्शियम, फॉस्फरस, क्रिएटिनिन, साखर.
- चालू औषधांची यादी, शक्यतो गोळ्यांची पाकिटंच.
- फिट आली असेल तर ती बघणाऱ्या माणसाने लिहिलेलं वर्णन: सुरुवात कुठून झाली, मान कुठे वळली, किती वेळ चाललं. कोणी मोबाइलवर व्हिडिओ काढला असेल तर फारच उत्तम.
- गळ्याचं, म्हणजे थायरॉइडचं ऑपरेशन झालं असेल तर त्याचं डिस्चार्ज कार्ड. याचा संबंध सहाव्या पायरीत येईल.
- आधार कार्ड आणि रेशन कार्ड. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात जाणार असाल तर स्कॅनचे पैसे भरायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. आपल्या केसमध्ये काय बसतं आणि काय नाही, ते तो सांगू शकतो.

सीडी मागताना ‘थिन स्लाइसही टाका’ असं स्पष्ट सांगा. सेंटरवाले सवयीने जाड कापांची मालिका देतात, आणि बारीक कापांचा डेटा काही काळाने मशीनवरून काढून टाकतात. बारीक काप का हवेत, ते चौथ्या पायरीत आहे.

३. कोणता स्कॅन कशासाठी?

‘एमआरआय महाग, म्हणून एमआरआय चांगला’ हा समज इथे उपयोगाचा नाही. कॅल्शियम ओळखायचं तर साधा, रंगाचं इंजेक्शन न देता केलेला सीटी सगळ्यात भरवशाचा. एमआरआय भोवतीची सूज, गाठीचा पोत, मेंदूच्या पेशींमधले बारीक बदल दाखवतो. पण नेहमीच्या एमआरआयमध्ये छोटा कॅल्शियमचा ठिपका सरळ निसटू शकतो. त्यामुळे एमआरआय झाल्यावर डॉक्टरांनी ‘एक प्लेन सीटी करून आणा’ म्हटलं तर पैसे काढायचा धंदा म्हणून चिडू नका. दोन मशीन दोन वेगळे प्रश्न सोडवतात.

‘प्लेन’ हा शब्द महत्त्वाचा आहे. इंजेक्शनमधलं आयोडीनही सीटीवर पांढरं दिसतं. फक्त इंजेक्शननंतरचाच सीटी झाला असेल तर पांढरं दिसतंय ते कॅल्शियम की रंग, हा घोळ होतो.

किरणांची भीती अनेकांना असते. डोक्याच्या एका सीटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट इतकं रेडिएशन मिळतं. निसर्गातून आपल्याला काही महिन्यांत मिळतं त्याच मापाचं. गरजेपुरता एक सीटी घाबरण्यासारखा नाही, पण मनाच्या समाधानासाठी दर तीन महिन्यांनी करत बसण्यासारखाही नाही. गरोदरपणाची शक्यता असेल तर आधी सांगा. एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात, पण चुंबक जबरदस्त असतं. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, जुन्या ऑपरेशनची क्लिप, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, सगळं आधी सांगायचं. मंगळसूत्र आणि जोडवी काढायची हे सगळ्यांच्या लक्षात असतं. साडीच्या आणि ब्लाउजच्या सेफ्टी पिना राहतात. त्या घरीच तपासा.

४. सीटीवर पांढरं दिसतं म्हणजे नेमकं काय?

इथे जरा थांबूया, कारण खरी गुरुकिल्ली इथे आहे.

सीटीचं चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. प्रत्येक बिंदूला एक आकडा असतो, त्याला हाउन्सफील्ड युनिट किंवा थोडक्यात एचयू म्हणतात. गॉडफ्री हाउन्सफील्ड हे इंग्लंडमधल्या ईएमआय कंपनीतले इंजिनिअर. होय, गाण्यांच्या रेकॉर्ड काढणारी तीच ईएमआय. त्यांच्या मशीनवर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला, आणि १९७९ साली त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्यांच्या मापात पाणी शून्यावर आणि हवा उणे १००० वर असते. मेंदूभोवतालचं पाणी शून्य ते १५ च्या आसपास, मेंदूचा पांढरा भाग २० ते ३०, करडा भाग ३५ ते ४५. ताजं साकळलेलं रक्त साधारण ५० ते ८०. कॅल्शियम बहुधा १०० च्या वर, आणि कवटीचं घट्ट हाड १००० च्या घरात.

रक्त १०० च्या वर सहसा जात नाही, आणि कॅल्शियम बहुतेक वेळा त्याच्या पुढेच असतं. त्यामुळे ‘हा रक्तस्राव तर नाही ना?’ या घरच्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर रेडिओलॉजिस्ट बऱ्याचदा आकड्यावरून देऊ शकतात. ते ठिपक्यावर छोटं वर्तुळ काढतात आणि मशीन सरासरी एचयू सांगतं. तुमच्या रिपोर्टमध्ये हा आकडा नसेल तर विचारायला हरकत नाही.

आता यातले सापळे.

पहिला सापळा विंडोचा. मेंदू बघण्यासाठी पडद्यावर साधारण ० ते ८० एचयू एवढाच पट्टा करड्या छटांमध्ये पसरवतात. ८० च्या वरचं सगळं एकसारखं पांढरंशुभ्र. म्हणजे ७५ चं रक्त आणि ३०० चं कॅल्शियम या विंडोत डोळ्यांना जवळपास सारखंच. फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून ‘केवढं पांढरं आहे बघा’ म्हणण्यात म्हणूनच अर्थ नसतो. तेच चित्र बोन विंडोत, म्हणजे हाडं बघण्यासाठीच्या खूप मोठ्या पट्ट्यात उघडलं की रक्त मेंदूच्या करड्या रंगात मिसळून जातं आणि कॅल्शियम मात्र हाडासारखं उठून दिसत राहतं. सीडी उघडायला वीसिस किंवा रेडिअंटसारखा व्ह्यूअर लॅपटॉपवर टाकलात तर हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतो. मला स्वतःला रिपोर्टच्या भाषेपेक्षा यातून जास्त समजलं. पण बघायचं ते समजण्यापुरतं. निदान करायला नाही.

दुसरा सापळा जाडीचा. दोन मिलिमीटरचा ठिपका पाच मिलिमीटर जाडीच्या कापात आला की त्याच्यासोबत मेंदूचा भागही मोजला जातो आणि सरासरी खाली येते. कॅल्शियमचा आकडा मग ६०-७० दिसतो, आणि रिपोर्टमध्ये ‘रक्तस्राव की कॅल्सिफिकेशन?’ असं प्रश्नचिन्ह उमटतं. एक मिलिमीटरच्या आसपासचे काप पाहिले की बऱ्याचदा हा प्रश्न तिथेच संपतो. तरीही शंका राहिली तर काही दिवसांनी परत साधा सीटी करतात. रक्त असेल तर फिकं पडतं, कॅल्शियम जसंच्या तसं असतं. काही मोठ्या सेंटरमध्ये ड्युअल एनर्जी सीटी असतो, तो दोन वेगळ्या शक्तीच्या एक्स-रेंनी कॅल्शियम आणि रक्त वेगळं करून दाखवतो.

५. जागा कोणती? काही जागी कॅल्शियम असतंच

वयाप्रमाणे केस पांढरे होतात तसं मेंदूतल्या काही ठरावीक जागी कॅल्शियम साठतं. वडिलांच्या रिपोर्टमध्ये होतं ते हेच. अशा जागांची नावं रिपोर्टमध्ये दिसली तर जीव भांड्यात पडू द्या:

- पिनिअल ग्रंथी, मेंदूच्या अगदी मधोमध.
- कोरॉइड प्लेक्सस. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांत असतो, बहुधा दोन्ही बाजूंना मागच्या भागात पांढरा दिसतो.
- फाल्क्स आणि टेन्टोरियम, मेंदूच्या भागांमधले जाड पडदे.
- बेसल गँगलिया, म्हणजे मेंदूत खोलवर असलेले करड्या भागाचे पुंजके, विशेषतः त्यातला ग्लोबस पॅलिडस. मोठ्या वयात, दोन्ही बाजूंना, बारीक.

पिनिअलचं कॅल्शियम एकेकाळी डॉक्टरांच्या फार उपयोगाचं होतं. सीटी नव्हता तेव्हा साध्या एक्स-रेवर हा ठिपका शोधायचे. तो मधल्या रेषेपासून तीनएक मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेला दिसला तर कुठलीतरी गाठ किंवा रक्त मेंदूला ढकलतंय असं समजायचे.

या जागांनाही वयाची अट आहे. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलात पिनिअल पांढरी दिसली, किंवा कोणत्याही वयात तिथला साठा एक सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर डॉक्टर नीट बघतात. बेसल गँगलियाचं कॅल्शियम सत्तरीत दुर्लक्षिण्यासारखं, पण पंचविशीत नाही.

कवटीच्या तळाशी कॅरोटिड रक्तवाहिनीच्या भिंतीत कॅल्शियम लिहिलं असेल तर ती वेगळी गोष्ट. तो मेंदूतला साठा नव्हे. रक्तवाहिन्या कडक होतायत याची खूण आहे. मधुमेह, ब्लडप्रेशर, तंबाखू, किडनी यांच्याकडे लक्ष द्यायची ती आठवण.

६. दोन्ही बाजूंना सारखंच कॅल्शियम: रक्त तपासा

बेसल गँगलियात, त्याबरोबर लहान मेंदूतही, दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखं ठसठशीत कॅल्शियम दिसतंय आणि पेशंट चाळिशीच्या आतला आहे, तर पुढचा रस्ता पॅथॉलॉजी लॅबमधून जातो. कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉइड हॉर्मोन, म्हणजे पीटीएच. कॅल्शियम आणि पीटीएच एकाच वेळी काढलेल्या रक्तातून व्हायला हवं, नाहीतर दोन्ही आकड्यांचा मेळ लावता येत नाही.

यात नेहमी सापडणारं कारण म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथी कमी काम करणं. या तांदळाएवढ्या ग्रंथी थायरॉइडच्या मागे असतात, म्हणून गळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना इजा होऊ शकते. म्हणून तर ते जुनं डिस्चार्ज कार्ड हवं होतं. या आजारात रक्तातलं कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतो. ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, हाताची बोटं आखडतात, फिट येतात, कमी वयात मोतीबिंदू होतो.

आता घराघरांत होणारा घोटाळा. ‘मेंदूत कॅल्शियम साठलं’ ऐकलं की आधी दूध बंद होतं. मग आईच्या कॅल्शियमच्या गोळ्या कचऱ्यात जातात, आणि पानाला चुना लावणाऱ्या आजोबांवर खटला चालतो. खाण्यातल्या कॅल्शियमचा या साठ्याशी असा सरळ संबंध नाही. उलट पॅराथायरॉइडच्या पेशंटवर उपचारच कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी होतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद केली तर अशा माणसाला फिट येऊ शकते. स्कॅनवरचे डाग उपचारांनी पुसले जात नाहीत, पण रक्तातलं कॅल्शियम ताळ्यावर आलं की त्रास आटोक्यात येतो.

रक्तात सगळं ठीक निघालं तर घराण्यातून येणाऱ्या कॅल्सिफिकेशनचा विचार होतो. रिपोर्टवर ‘फार’ हे नाव दिसेल. कार्ल थिओडोर फार या जर्मन डॉक्टरांनी १९३० साली अशा केसचं वर्णन केलं होतं. एसएलसी२०ए२ सारख्या काही जनुकांतले दोष यामागे सापडले आहेत. हातांचा कंप, हालचाली मंदावणं, स्वभाव बदलणं अशी लक्षणं बहुधा मध्यम वयात येतात, आणि काहींना स्कॅनवर एवढं दिसत असूनही आयुष्यभर काही होत नाही. म्हणून घाबरून घरातल्या सगळ्यांचे सीटी करत सुटू नका. कोणाचा करायचा ते न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील.

७. एकच छोटा ठिपका आणि फिट: आपल्याकडची नेहमीची गोष्ट

भारतात तरुण माणसाला पहिली फिट आली आणि सीटीवर मेंदूच्या वरच्या भागात मुगाएवढा पांढरा ठिपका निघाला, तर डॉक्टरांच्या मनात सगळ्यात आधी येतो न्यूरोसिस्टिसर्कोसिस. टीनिया सोलियम नावाच्या पट्टकृमीचं पिल्लू मेंदूत येऊन बसतं, काही काळ जगतं, आणि मरतं. मेलेल्या जागी शरीर कॅल्शियमचा थर देऊन ती जागा बंद करतं.

स्कॅनवर याच्या चार अवस्था दिसतात. आधी पाण्याची पिशवी, आत कृमीचं डोकं ठिपक्यासारखं. मग कृमी मरायला लागतो, भोवती सूज येते, इंजेक्शन दिलं की कडा अंगठीसारखी चमकते. फिट बऱ्याचदा याच काळात येते. मग ती आकसून छोटी गाठ होते. शेवटी उरतो कॅल्शियमचा घट्ट ठिपका, काही मिलिमीटरचा, भोवती सूज नाही, रंगही घेत नाही. रिपोर्टमध्ये ‘कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा’ लिहिलं असेल तर तुम्ही बहुधा या चौथ्या अवस्थेत आहात. लढाई संपलीय, व्रण राहिलाय.

भाचीचं हेच निघालं, आणि ताई पहिलं वाक्य बोलली ते असं: ‘आमच्यात कोणी अंडंसुद्धा खात नाही!’ हे नीट समजून घ्या. अर्धवट शिजलेलं डुकराचं मांस खाल्लं तर आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूतला आजार मात्र त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने होतो, आणि ती अंडी आतड्यात कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. न धुतलेले हात, कच्च्या भाज्या, दूषित पाणी यांतून ती कोणाच्याही पोटात जातात. शाकाहाराने इथे संरक्षण मिळत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारा कोबीतला किडाही यात निर्दोष आहे. कोबीतली अळी मेंदूत जात नाही. कच्चा कोबी नीट धुतला नसेल तर त्यावर डोळ्यांना न दिसणारी अंडी असू शकतात, एवढंच त्यातलं सत्य.

उपचारांबद्दल सापळे दोन. ‘जंत आहे ना, मग जंताचं औषध द्या’ असा आग्रह धरू नका. अल्बेंडाझोल जिवंत कृमीसाठी असतं. पूर्ण कॅल्सिफाइड ठिपक्यात मारायला काही उरलेलं नसतं. आणि दुसरं, ‘जुनाच डाग आहे’ म्हणून फिटच्या गोळ्या परस्पर थांबवू नका. कॅल्शियमचा ठिपका शिल्लक राहिलेल्यांना पुन्हा फिट यायची शक्यता, गाठ पूर्ण विरघळलेल्यांपेक्षा जास्त असते. म्हणून डॉक्टर गोळ्या जास्त काळ चालू ठेवतात.

आणखी एक गोंधळात टाकणारी गोष्ट. वर्षानुवर्षं शांत असलेल्या ठिपक्याभोवती फिटच्या सुमारास एमआरआयवर सूज दिसू शकते, आणि काही आठवड्यांत ती ओसरते. याचा अर्थ नवीन कृमी आला असाच होत नाही.

टीबीची गाठ, म्हणजे ट्युबरक्युलोमा, हाही आपल्याकडचा तितकाच खरा संशयित. तीही बरी होताना कॅल्शियम धरते. कधी मधे कॅल्शियमचा ठिपका आणि भोवती चमकणारी अंगठी असं नेमबाजीच्या लक्ष्यासारखं चित्र दिसतं. गाठ २० मिलिमीटरपेक्षा मोठी असेल, मेंदू एका बाजूला ढकलला असेल, ताप किंवा वजन घटणं असेल तर टीबीकडे कल जातो. टीबीची औषधं महिनोन्‌महिने चालतात. ती सुरू करण्याआधी ‘कशावरून?’ हे शांतपणे विचारा. आणि एकदा सुरू झाली की मधे सोडू नका.

८. गाठीतलं कॅल्शियम, आणि लहान मुलं

कॅल्शियम आहे म्हणजे गाठ साधीच असणार, असं समजू नये. ऑलिगोडेंड्रोग्लायोमा या मेंदूच्या ट्युमरमध्ये कॅल्शियम सर्रास सापडतं. मुलांमध्ये पिट्युटरीच्या, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या हॉर्मोनच्या ग्रंथीच्या वर होणाऱ्या क्रेनिओफॅरिंजिओमातही. नजर कमी होणं आणि उंची खुंटणं ही त्याची खूण. मेंदूच्या आवरणाला चिकटलेला मेनिंजिओमाही कॅल्शियम धरतो, पण पूर्ण कॅल्सिफाइड झालेला छोटा मेनिंजिओमा सहसा अगदी हळू वाढतो आणि अनेकदा नुसता लक्षात ठेवायचा असतो. रिपोर्टमध्ये ‘मास इफेक्ट’ (गाठीचा आजूबाजूच्या मेंदूवर दाब) किंवा ‘मिडलाइन शिफ्ट’ (मेंदूची मधली रेषा सरकणं) आहे का बघा. असेल तर अपॉइंटमेंट लवकरची मागा.

तान्ह्या बाळात टाळू उघडी असते, त्यातून सोनोग्राफी करता येते. कॅल्शियम तिथे चमकदार पांढरं दिसतं. पाण्याच्या पोकळ्यांच्या कडेने साठा असेल तर गरोदरपणातल्या सीएमव्ही विषाणूचा, विखुरलेला असेल तर टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संशय घेतात. चेहऱ्यावर जन्मतः जांभळट लाल डाग आणि मेंदूच्या घड्यांना धरून दोन समांतर रेषांसारखं कॅल्शियम, ही स्टर्ज-वेबर सिंड्रोमची ठेवण. पोकळ्यांच्या भिंतींवर छोट्या गाठी आणि अंगावर फिकट चट्टे असतील तर ट्युबरस स्क्लेरोसिस. मुलांच्या बाबतीत हे सगळं पीडियाट्रिक न्यूरॉलॉजिस्टकडेच न्यावं. मोठ्यांचे नियम तिथे लावू नयेत.

९. एमआरआयवर तेच काळं का दिसतं?

सीटीवर पांढरा असलेला ठिपका एमआरआयवर काळा दिसला की लोकांना वाटतं, रिपोर्ट बदलला. बदललेला नसतो. कॅल्शियमच्या घट्ट साठ्यातून एमआरआयला फारसा सिग्नल मिळत नाही, म्हणून टी-२ चित्रांवर तो काळा येतो (टी-१ आणि टी-२ या एमआरआयच्या चित्रांच्या दोन नेहमीच्या मालिका). टी-१ वर कधी काळा, कधी चक्क पांढरा. एसडब्ल्यूआय नावाची एक मालिका असते, तिच्यात तो आहे त्यापेक्षा मोठा आणि गडद काळा दिसतो. त्यामुळे एसडब्ल्यूआयवरचं माप आणि सीटीवरचं माप शेजारी ठेवून ‘गाठ वाढली’ असं ठरवू नका.

पंचाईत अशी की जुन्या रक्तातलं लोहही एसडब्ल्यूआयवर काळंच दिसतं. तिथे फेज इमेज कामाला येते. चुंबकापुढे कॅल्शियम आणि लोह उलट वागतात, म्हणून फेजमध्ये एक पांढरं तर दुसरं काळं येतं. कोणतं पांढरं, हे मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या पद्धतीवर अवलंबून असतं, म्हणून रेडिओलॉजिस्ट त्याच पेशंटच्या शिरेशी किंवा कोरॉइड प्लेक्ससशी ताडून बघतात. एमआरआय बुक करताना ‘एसडब्ल्यूआय फेजसकट आहे ना?’ असं विचारून ठेवा. नंतर फक्त तेवढ्यासाठी पुन्हा बोगद्यात झोपावं लागलं तर पेशंटचे आणि पैशांचे दोन्ही हाल.

१०. रिपोर्टमधली वाक्यं आणि विचारायचे प्रश्न

‘इन्सिडेंटल’ म्हणजे दुसऱ्याच कारणासाठी स्कॅन केला आणि हे सहज दिसलं. ‘नो पेरिलेजनल एडीमा’ म्हणजे भोवती सूज नाही, ही चांगली बातमी. ‘नो एन्हान्समेंट’ म्हणजे रंग घेत नाही, बहुधा शांत. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ वाचून रेडिओलॉजिस्टने हात झटकले असं वाटतं, पण त्यांनी पेशंट पाहिलेला नसतो. चित्र आणि माणूस यांची सांगड न्यूरॉलॉजिस्टने घालायची असते.

डॉक्टरांकडे जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या, खुर्चीत बसल्यावर आठवत नाहीत:

- हे कॅल्शियम या वयात या जागी असतं का, की शोध घ्यायला हवा?
- आत्ता जो त्रास आहे तो याच ठिपक्यामुळे आहे का? फिट ज्या बाजूला आली त्याच्याशी ठिपक्याची जागा जुळते का?
- रक्त आहे की कॅल्शियम, याबद्दल काही शंका उरलीय का? असेल तर थिन स्लाइस बघाल का?
- औषध किती काळ, आणि कमी करायचं कधी ठरवणार?
- पुढचा स्कॅन लागेल का, कोणता, किती दिवसांनी? की लागणारच नाही?
- गाडी चालवणं, पोहणं, रात्रपाळी याबद्दल काय?

डोकेदुखीसाठी केलेल्या स्कॅनमध्ये असा ठिपका सापडला तर दुसरा प्रश्न सोडू नका. बऱ्याचदा डोकेदुखी मायग्रेनची असते आणि ठिपका वर्षांपूर्वीचा. मग घरचे ठिपक्यामागे लागतात आणि मायग्रेनवर उपचार व्हायचे राहतात.

पुन्हा स्कॅन करायचा ठरला तर शक्यतो त्याच सेंटरमध्ये, त्याच पद्धतीने करा आणि जुनी सीडी काउंटरवरच द्या. ‘प्रीव्हियस स्कॅनशी कंपेअर करून रिपोर्ट द्या’ असं फॉर्मवर लिहा. न सांगता तुलना होईल असं धरून चालू नका. सीडीवर चरे पडतात, म्हणून तिची एक प्रत पेनड्राइव्हवर काढा आणि रिपोर्टचा फोटो पेशंटच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये ठेवा. भाचीच्या बाबतीत आम्ही फोटोसोबत फिटच्या गोळीचं नाव आणि डोस लिहिलेली ओळही ठेवलीय, कारण होस्टेलवर रात्री काही झालं तर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना आधी तेवढंच लागणार आहे.